नांगर काढून राहिलो

मे महिन्यात कुठं होता, असं मोर्शीत कोणी विचारलं की मी खरं ते सांगतो. समुद्रात मासे धरायला गेलो होतो. समोरचा आधी माझ्या तोंडाकडं पाहतो, मग बाहेरच्या उन्हाकडं, आणि मग हमखास म्हणतो, "काहून? धरनातले सरले काय?"

प्रश्न रास्त आहे. आमच्याकडं मे महिन्यात शहाणा माणूस कूलरसमोरून उठत नाही. लग्नाचं आमंत्रण आलं तरी आधी वेळ विचारतो, मग मुलीचं नाव. अशा दिवसांत आम्ही दोघं म्हातारपणाकडं झुकलेले भाऊ दोन गाड्या बदलून कोकणात गेलो. त्याचं कारण माझा मोठा भाऊ.

घरात आणि गावात सगळे त्याला दादाच म्हणतात. संत्र्याची बाग आम्हा दोघांची, पण त्याचा जीव बागेपेक्षा धरणाच्या पाण्यात जास्त. सवड मिळाली की बांबूची काठी, कणकेच्या गोळ्या आणि पाण्याची कॅन घेऊन तो अप्पर वर्ध्याच्या काठावर जाऊन बसायचा. रोहू लागला तर लागला, नाही तर ऊन खाऊन परत. मी कधी त्याच्यासोबत गेलो नाही. पाण्याकडं पाहत बसणं हे काम आहे, असं मला कधी वाटलंच नाही.

दोन वर्षांपूर्वी त्याला लकवा मारला. उजवी बाजू पार गेली. अमरावतीच्या डॉक्टरांनी पुष्कळ केलं. वाचा परत आली, पाय परत आला, हात मात्र अर्धाच आला. बोटं मिटतात, पण फार वेळ मिटलेली राहत नाहीत. तेव्हापासून त्याच्या शर्टाची बटणं मी लावतो. ताटातली भाकर मी मोडून देतो. कोणी त्याला काही विचारलं तर उत्तरही मीच देतो, कारण त्याला शब्द जुळवायला वेळ लागतो आणि मला तेवढा दम नाही.

एक दिवस त्यानं मोबाइल माझ्यापुढं धरला. कोकणात लहानशा होडीतून, रॉडनं, शौकासाठी मासे धरणारी माणसं त्यात दिसत होती.

"मले अठी जायचं हाये," दादा म्हणाला.

"आन् काय करशीन?"

"एक मासा धरीन. माह्या हातानं. मंग तुले काई मागत नाई."

मी हसण्यावारी नेलं. तो हसला नाही. वहिनीनं दोघांची बॅग भरली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "भाऊजी, त्याईले एकटं सोडू नका." मी म्हटलं, बिनधास्त राहा.

देवबाग

प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही. एवढंच की गाडीत समोरच्या माणसानं दादाला विचारलं, "कुठं निघालात?" आणि मी म्हटलं, "मालवणकडं." दादानं तोंड उघडलं होतं, ते मिटलं आणि तो खिडकीबाहेर पाहू लागला. कुडाळ येईपर्यंत तो बाहेरच पाहत होता.

देवबाग हे गाव म्हणजे जमिनीची एक चिंचोळी पट्टी. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधे माड आणि घरं. टोकाला नदी समुद्राला मिळते. आमच्या धरणाला निदान दुसरा काठ दिसतो. इथं पाणी सुरू होतं आणि संपायचं नावच घेत नाही. मला पोहता येत नाही; मी दोन पावलं मागं सरकलो. दादा मात्र वाळूत उभा राहून असा पाहत होता, जसा व्यापारी फुललेली बाग पाहतो.

उन्हाचंही वेगळंच. आपल्या वऱ्हाडातलं ऊन भाजतं. इथलं शिजवतं. सावलीत बसलो तरी सदरा पाठीला चिकटलेलाच. मी डोक्याला दुपट्टा बांधून, खिशात कांदा ठेवून फिरत होतो आणि लोक माझ्याकडं पाहून हसत होते. लू लागत नाही म्हणे तिथं! मग उन्हाळ्यात माणसं मरतात कशानं, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं.

आम्ही उतरलो ते सुहासच्या घरी. सुहास चाळिशीतला गडी, होडी त्याची स्वतःची, आणि हंगामात रॉडवाल्या पाहुण्यांना मासे धरायला नेणं हा त्याचा धंदा. स्वयंपाक त्याच्या आईकडं. तिला सगळे काकी म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. आम्ही संत्रेवाले हे कळताच काकी म्हणाल्या, "म्हणजे नागपूरची संत्री तुमचीच!"

झालं! या एका वाक्यानं माझं डोकं फिरतं. संत्रं पिकवायचं मोर्शी-वरूडनं, शेंदूरजनाघाटनं, आणि नाव नागपूरचं. मी त्यांना पूर्ण हिशोब समजावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमच्या आंब्याचा पण तसाच. पिकवतंव आमी, नाव देवगडचा." त्यानंतर काकींचं आणि माझं चांगलं जमलं.

जेवण भाताचं. भात, नारळाचं वाटण घातलेली बांगड्याची आमटी, सोलकढी. चव उत्तम, नाव ठेवायला जागा नाही. पण भातानं पोट भरतं आणि तासाभरात पुन्हा विचारायला येतं. दुसऱ्या जेवणाला काकींनी तांदळाची भाकरी केली. पांढरीशुभ्र, मऊ. ज्वारीच्या भाकरीची ती शहरात शिकलेली बहीण म्हणा. मी सवयीनं हात पुढं करून दादाच्या ताटातली भाकरी मोडली. काकींनी ते पाहिलं आणि मला आमटी वाढली.

संध्याकाळी अंगणात सुहासनं रॉड दाखवला. कमरेला एक पट्टा बांधायचा, त्याला पुढं वाटी असते, रॉडचं बूड त्या वाटीत बसतं. उजव्या हातानं रॉड धरायचा, डाव्यानं रीळ फिरवायचं. मासा पळू लागला की दोरी सोडायची, थकला की गुंडाळायची. दादाचा उजवा हात पाहून सुहास थोडा थांबला.

"हो हात चालता काय वो?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. दादा माझ्या आधी बोलला. सावकाश बोलला, पण बोलला. "अर्धा चालते. चालते तेवढा लावतो."

दादानं दुपट्ट्यानं हात रॉडला बांधू का, असं विचारलं. सुहास दचकला. "नको नको! मासो रॉडबरोबर तुमकाच घेऊन जायत!" मग तो रॉडवाल्यांचा एक नियम सांगू लागला. मासा लागल्यापासून होडीत येईपर्यंत रॉडला दुसऱ्याचा हात लागला, तर तो मासा धरणाऱ्याच्या नावावर लागत नाही. मोठमोठे शौकीन या नियमावरून होडीत भांडतात म्हणे.

दादाचा चेहरा उजळला. दोन वर्षांत मी तो तसा पाहिला नव्हता.

"मंग ठरलं," तो माझ्याकडं वळून म्हणाला. "गजू, काई झालं तरी रॉडले हात लावायचा नाई."

"नाई लावत," मी म्हटलं.

खडपापाशी

पहाटे निघालो. सुहास म्हणाला की हे हंगामाचे शेवटचे दिवस. जून लागला की समुद्र बंद, होडी ओढून माडाखाली. आमची परतीची तिकिटंही काढलेली. म्हणजे जे व्हायचं ते या दोन सकाळींतच.

होडी फार तर आपल्या बैलबंडीएवढी लांब. अंगात केशरी जाकीट, वर आकाश, खाली काय असेल ते देव जाणे. नदीच्या तोंडाशी लाटा उलटसुलट येतात. तिथंच मी सकाळचा चहा समुद्राला अर्पण केला. दादा माझ्याकडं पाहून मोठ्यानं हसला. "पाह्य बे, आजारी कोन हाये!"

मग सुहासनं होडी एका खडपाजवळ नेली. खडप म्हणजे पाण्यातला खडक, अर्धा वर, अर्धा खाली. त्याच्या कपारीत तांबोशी ही मासळी राहते. लालसर अंगाची, ताकदीची. लागली की सरळ कपारीकडं पळते आणि दोरी खडकावर घासून तोडते. म्हणून नांगर टाकून थांबायचं आणि मासा लागला की लगेच नांगर उचलून होडी खडपापासून दूर न्यायची. नांगराचं काम माझ्याकडं आलं. नांगर म्हटल्यावर मला बरं वाटलं. तेवढ्या एका शब्दाची तरी ओळख होती. पाहतो तर लोखंडाचा चार आकड्यांचा गळच तो. यानं कोणतं शेत नांगरणार!

दादानं जिवंत तारली गळाला लावून सोडली. तारली म्हणजे बोटाएवढा चांदीसारखा मासा. मग वाट पाहणं. सुहास गप्पा मारत होता, मी खडपावरचे पक्षी पाहत होतो, दादा दोरीकडं. धरणावर तो असाच बसत असेल, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं. वाट पाहणं हे त्याला येत होतं. मला येत नव्हतं.

आणि रीळ किंचाळलं.

रॉड कमानीसारखा वाकला. दादाच्या उजव्या हाताची बोटं मिटलेलीच होती. "लागला! लागला बाप्पा!" तो ओरडला. सुहासनं इंजिनकडं झेप घेतली. मी होडीच्या पुढच्या टोकाला दोर ओढू लागलो. नांगर कुठंतरी अडकला होता, इंचाइंचानं येत होता.

"नांगर काढलात?" सुहास मागून ओरडला.

"काढून राहिलो!" मी ओरडलो.

त्यानं इंजिन भरधाव सोडलं.

पुढं जे झालं ते झालं इतक्या वेगात की आठवून लिहायला जास्त वेळ लागतो. नांगर खाली खडकात, होडी निघाली पुढं. दोर ताणला आणि होडीचं तोंड गर्रकन वळलं. मी फळीवर आपटलो. दादा उभा होता तो तसाच बाजूला कलंडला. मी उठलो, धावलो, एका हातानं त्याचं जाकीट धरलं आणि दुसऱ्या हातानं रॉड.

"सोड!" दादा ओरडला.

मी जाकीटही सोडलं नाही आणि रॉडही सोडला नाही. तेवढ्यात रॉड एकदम सरळ झाला. दोरी तुटली होती.

सुहासनं इंजिन बंद केलं आणि माझ्यावर उखडला. "तुमी 'काढून' म्हटलात मां? मग नांगर खाली कसो?"

"काढून राहिलो म्हटलं!"

"तेच तां! काढून रवलंय म्हटल्यार काढून झालो, आता गप बसलंय!"

"अरे, काढून राहिलो म्हणजे काढनं चालू हाये! झालं नाई आखीन!"

"मग 'काढतंय' म्हणा ना!"

"आमी असंच म्हनतो! आमच्या आज्यापणज्यापासून म्हनत आलो!"

"तुमच्या आज्यान होडी चलवली काय कधी?"

सगळा वऱ्हाड उठता-बसता करून राहिलो, जाऊन राहिलो, खाऊन राहिलो म्हणतो आणि कोणाचं काही बिघडत नाही. शेतात 'नांगर चालवून राहिलो' म्हटलं तर बैलालाही कळतं. पण या भाषेनं होडी उलटू शकते, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. पुण्याच्या पाहुण्यांना आमचं बोलणं दांडगट वाटतं हे ऐकलं होतं; धोक्याचं असतं हे नवीन होतं. पुढं सुहासला हसू फुटलं, मग मलाही फुटलं.

दादा हसला नाही. तो तुटलेल्या दोरीचं टोक बोटावर गुंडाळत होता.

"भाषेचं जाऊ द्या," तो म्हणाला. "गजू, तू रॉडले हात काहून लावला?"

"तू पडून राहिला होता ना!"

"पडू द्यायचं होतं."

"पान्यात?"

"जाकीट होतं अंगात. सुहासभाऊ होता. पडलो असतो, निघालो असतो." तो श्वास घेण्यासाठी थांबला. "तुले वाटते, तू नाई धरलं तर मी सरलो."

परत येईपर्यंत आम्ही दोघं होडीच्या दोन टोकांना बसलो. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू? दोन वर्षं याचं सगळं करायचं आणि वर हे ऐकायचं. आणि राग आला होता तेवढंच वाईटही वाटत होतं, कारण तो म्हणाला ते खरं होतं.

संध्याकाळी अंगणात तो म्हणाला, "उद्या तू येऊ नको."

मी वहिनीला फोन लावला. वाटलं, ती तरी माझी बाजू घेईल. सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "जाऊ द्या त्याईले, भाऊजी."

"तूच म्हनली होती, एकटं सोडू नका."

"म्हनली होती. आता म्हनते, जाऊ द्या."

किनाऱ्यावर

शेवटच्या सकाळी सुहासनं नांगरावर आपल्या काकाला घेतलं. का, ते मी विचारलं नाही. त्या माणसाला 'काढतंय' म्हणता येत होतं. दादानं शर्टाची बटणं स्वतः लावली होती. एक घर सोडून लागली होती, त्यामुळं कॉलर एका बाजूला वर गेली होती. माझे हात शिवशिवले. मी ते पाठीमागं बांधून ठेवले. होडी नदीच्या तोंडातून पलीकडं गेली आणि हळूहळू एक ठिपका झाली.

काकी वाळूत जाळं अंथरून त्यावर सुकवण्याचे मासे पसरत होत्या. मी त्यांच्या शेजारी बसलो. मासे सुकवणं आणि आपल्याकडं उन्हात मुगवड्या घालणं यात फारसा फरक नाही, फक्त वड्यांवर कावळे इतक्या प्रेमानं बसत नाहीत. मी त्यांना मुगवडीच्या भाजीची कृती सांगितली. सांगता सांगता दर वाक्याला उठून समुद्राकडं पाहत होतो.

"बसा वो," काकी म्हणाल्या. "तुमी उभे रवल्यान मासो लवकर येवचो नाय."

"त्याचा हात बराबर चालत नाई, काकी."

"माका दिसला ना. पण काल रात्री तुमी हात धुवक गेल्लास, तेव्हा त्यांनी भाकरी स्वतः मोडल्यानी." त्यांनी एक मासा उलटा केला. "वायच वेळ लागलो, इतक्याच."

मला काय वाटलं ते लिहायला सोपं नाही. लाज नव्हे. भावानं आपल्याला न सांगता एक गोष्ट केली आणि ती आपल्याला परक्या बाईकडून कळली, याचं दुःख झालं. आणि आनंदही झाला, एवढा की मी पुन्हा उठून उभा राहिलो.

ऊन चढलं. पर्यटकांच्या होड्या येत-जात होत्या. प्रत्येक होडीत मला केशरी जाकीट दिसे आणि प्रत्येक वेळी ते दुसऱ्याच कोणाचं असे. दोनदा वाटलं, सुहासला फोन लावावा. लावला नाही. वाट पाहणं किती कठीण काम आहे ते त्या दिवशी कळलं. धरणावर तो रिकामा बसतो असं मी इतकी वर्षं समजत होतो.

मग ती होडी आली. काठाला लागण्याआधीच सुहास उभा राहून ओरडू लागला, "कोणी हात लावलेलो नाय! कोणी नाय! माझ्या काकानपण नाय!"

दादा होडीतून उतरला. सुहासनं पुढं केलेला हात त्यानं मानेनंच नाकारला. गुडघाभर पाण्यात एक लाट आली आणि तो डगमगला. तो सावरला. त्याच्या हातात तांबोशी होती. लाल, ओली, त्याच्या मांडीएवढी लांब. उजव्या हाताची बोटं तिच्या कल्ल्यात अडकवलेली, डावा हात खालून आधाराला.

मी धावतच निघालो.

"बस तठीच!" तो ओरडला.

मी होतो तिथंच खाली बसलो.

ओल्या वाळूत त्याचा उजवा पाय ओढत येत होता. चार पावलं टाकली की तो थांबायचा, हातातला मासा सावरायचा, पुन्हा निघायचा. एकदा उजवी बोटं सुटली. मासा वाळूत पडला. दादानं गुडघा टेकवला, बोटं एकेक करून कल्ल्यात घातली, आणि उठला. आजूबाजूचे पर्यटक पाहत होते. कोणीतरी मदतीला पुढं आलं, त्याला सुहासनं मागं ओढलं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसलंही नाही.

तो माझ्यापुढं येऊन उभा राहिला. घामानं निथळत होता, दम लागला होता, दाढीला वाळू चिकटली होती. बोलण्यासाठी त्यानं शब्द जुळवले. मी थांबलो. जुळेपर्यंत थांबलो.

"आता घे," दादा म्हणाला. "लय जड हाये."

मी दोन्ही हात पुढं केले आणि मासा घेतला. खरंच जड होता.